दोन ठोके म्हणजे पाणी

कडुनिंबाची पानं. उकळून काळी पडलेली, देठासकट.

पिवळा कॅन, पाच लिटरचा. तोंडाला प्लास्टिकची पिशवी, वरून सुतळी.

लुगड्याच्या काठाच्या चिंध्या, दोन बोटं रुंद, प्रत्येकीला एकेक गाठ. मोजल्या तेव्हा अकरा भरल्या.

मे महिन्यात दुपारी एक वाजता बार्शीत कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

"तिला बाई अंघोळीला कायम कडक पाणी लागायचं."

आमचे मालक ज्या दिशेला तोंड करून बोलतात तिथं माणूस नसतो. माणूस जरा उजवीकडं असतो.

एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे पाणी सोड. तीन म्हणजे ओत. चार आम्ही कधी ठरवलेच नाहीत.

दोन

"वहिनी, पंधरा दिवसांत ही तिसरी खेप तुमची," तांबोळकर म्हणाले. "आता डॉक्टर बदलायची वेळ आली."

"पेशंटाला विचारा की साहेब," आमचे मालक म्हणाले. "मोरी काय आपण होऊन चिंध्या खात नाही. कोणीतरी भरवतंय."

"कोण भरवतंय आणि कोण खातंय, मला काही नको. रविवारी माझ्या सुनेचं डोहाळजेवण आहे. साठ बायका येणार. आणि माझ्या न्हाणीत घोट्याएवढं काळं पाणी. हे घ्या."

त्यांनी काहीतरी फरशीवर टेकवलं. मालकांनी मान वाकडी केली. साधं पाणी भांड्यात दोन-तीनदा हेलकावतं. हे एकदाच डुचमळलं आणि गप्प बसलं.

"ॲसिड," मालक म्हणाले.

"ॲसिडच. एकदा वरून ओता, खालपर्यंत सगळं साफ. तुमच्या कामट्या आणि स्प्रिंगा बघून झाल्या आमच्या."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आमचे मालक, भानुदास पवळ, वीस वर्षं नळाची आणि गटाराची कामं करत होते. पंचाण्णव साली एका खाणावळीच्या चेंबरात ॲसिड उसळलं आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. कोणी विचारलं की ते सांगायचे, "हात ओला होता, कॅन निसटला. माझीच चूक." तेव्हापासून हात माझे आणि कान त्यांचे, असा आमचा धंदा चालला होता. मी शालन, त्यांची बायको. चार महिने लोक हसले. मग मोऱ्या तुंबल्या तसे बोलवायला लागले.

आणि दोन वर्षं मी कॅनला हात लावला नव्हता.

तुंबलेली नळी उघडायचे आमच्याकडे चार मार्ग. अडलेलं जवळ असेल तर रबरी पंप. नळी सरळ असेल तर बांबूची कामटी. वळणं असतील तर स्प्रिंग, ती हँडलनं फिरवत फिरवत आत सोडायची. आणि ॲसिड. मालक म्हणायचे, ज्याला ऐकू येत नाही तो ॲसिड ओततो. कोणत्याही कामावर गेलं की आधी ते नळीला कान लावून बसायचे, पाच-पाच मिनिटं. तांबोळकरांसारखी माणसं तोवर घड्याळ बघायची.

त्या कॉलनीत एका ओळीत सहा घरं होती. मागच्या अंगाला बोळ, आणि बोळाखालून चिनी मातीची एकच नळी, सहा नंबरपासून एक नंबरपर्यंत उतरत गेलेली. दोन घरांमागे एक चेंबर. एक नंबर तांबोळकरांचं. ते बँकेतून रिटायर झालेले, कॉलनीचे सेक्रेटरी. सगळ्यांत खाली राहत असल्यामुळं वरच्या पाच घरांचं जे अडेल ते त्यांच्या न्हाणीत वर यायचं. सहा नंबरला चार वर्षं कुलूप होतं.

पहिल्या दोन खेपांना मी खालच्या वळणात स्प्रिंग घालून गोळे काढले होते. केसांचे गोळे, त्यात चिंध्या, त्यात कडुनिंबाचा पाला. बोळात फरशीवर टाकले तेव्हा चार नंबरच्या मंदाताईंनी पदर तोंडाला लावला.

"गाठी बघा. गाठी मारल्यात एकेकीला," त्या म्हणाल्या होत्या. "केस, निंब, गाठी. हे साधं नाही, तांबोळकरभाऊ."

"मी असलं मानत नाही," तांबोळकर म्हणाले होते, आणि दोन पावलं मागं सरकले होते.

तर ही तिसरी खेप. मी सगळ्यांत वरच्या चेंबरचं झाकण पहारीनं उचकटलं. या चेंबरात दोन तोंडं उघडायची. डावं पाच नंबरचं, उजवं सहाचं. पाच नंबरला यमुनामावशी डोईफोडे एकट्या राहायच्या. मुलगा सुरतेला साड्यांच्या दुकानात, असं सगळ्यांना माहीत होतं. मावशी मागच्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीवर.

"मावशी, पाला तुमच्याकडून येतोय का?" मी विचारलं.

"मी म्हातारी कशाला पाला टाकू गं मोरीत."

"मग बघू या. नीळ आहे घरात?"

नीळ घालून बघायची युक्ती मालकांची. ज्या घरावर संशय त्या घराच्या मोरीत निळीचं पाणी सोडायचं, आणि चेंबरात डोळा ठेवायचा. मावशी आत गेल्या. मालक चेंबरच्या कडेला पोतं टाकून बसले होते. त्यांनी पान्यानं नळीवर दोन ठोके दिले. टण, टण. भाजलेल्या मातीची नळी आवाज लांबवर नेते. आत मावशींनी बादली उपडी केली.

डाव्या तोंडातून निळं पाणी आलं. स्वच्छ निळं. पाला नाही, केस नाही.

"मावशी सुटल्या," मी म्हणाले.

आणि मग उजव्या तोंडातून पाणी आलं.

फार नाही. तांब्याभर असेल. बिनरंगाचं. निळ्यात मिसळलं आणि एक जागा फिकी झाली. त्यात कडुनिंबाचं एक पान गरगर फिरत होतं.

मी बोट घातलं. झटकन काढलं.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"गरम आहे."

तांबोळकर वाकले. मंदाताई वाकल्या. चार वर्षं बंद असलेल्या घराच्या नळीत कोळ्यांची जाळी असायला पाहिजेत. ती नळी आतून ओली होती आणि तिच्या तोंडाशी वाफ होती.

"सहा नंबरात कोण राहतं?" मालक म्हणाले.

मंदाताईंनी तांबोळकरांकडं पाहिलं. मग तांबोळकरच म्हणाले, "कोणी नाही. यमुनाबाईंच्या भावाचं घर ते. कुलूप बघा, गंजून एक झालंय. किल्ली घातली तर किल्ली मोडेल."

"भावाची बायको आतच गेली," मंदाताई हळू आवाजात म्हणाल्या. "न्हाणीतच. पाय घसरला म्हणतात. भाऊ मुलं घेऊन नाशिकला गेले ते परत आलेच नाहीत." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तिला बाई अंघोळीला कायम कडक पाणी लागायचं."

मी मावशींकडं पाहिलं. त्या दारातून आत गेल्या होत्या.

तीन

"मी असलं मानत नाही," तांबोळकर पुन्हा म्हणाले. "पण आता इथूनच ओता. या वरच्याच चेंबरातून. जे काही असेल ते जळून जाईल."

"साहेब, वाफ धरते त्याची," मालक म्हणाले. "वापरातल्या मोरीत पाणी साचून असतं, ते वाफ अडवतं. जुन्या बंद मोरीचा भरवसा नाही. वाफ सरळ घरात चढते."

"बंद घरात चढली तर चढली. कोण मरतंय तिथं?"

"न्हाणी एवढीएवढीशी. त्यात चढली तर दहा मिनिटांत घुशीसुद्धा मरतील."

"मग बरंच झालं. भानुदास, मी तुम्हाला बोलावतो ते जुन्या ओळखीपायी. लोक मला म्हणतात, अहो, आंधळा आणि बाई, दुसरं कोणी मिळालं नाही का? आज होत नसेल तर सांगा. उद्या सकाळी सोलापूरचा माणूस येतोय. तो नळीशी गप्पा मारत नाही. ओततो आणि जातो."

म्हणजे मी नाही म्हणाले तरी उद्या ते ओतलं जाणारच होतं. कॅन आलेला होता. प्रश्न फक्त हात कोणाचे, एवढाच होता.

"तू ठरव," मालक मला म्हणाले. "हात तुझे आहेत."

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. मी वाट पाहिली. ते माझ्या जरा डावीकडं तोंड करून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"ओतते," मी म्हणाले.

तांबोळकरांनी ओळीतल्या सगळ्यांना मागची दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. एकेक कडी लागत गेली. मंदाताईंनी जाताना दारात मीठ टाकलं. बोळात आम्ही दोघं उरलो, आणि ऊन.

मी मालकांना हाताला धरून खाली, एक नंबरच्या चेंबरपाशी नेऊन बसवलं. ठरलं ते असं. खालच्या वळणात पाणी असताना ॲसिड टाकलं तर ते पातळ होतं आणि काम करत नाही. म्हणून साचलेलं पाणी झिरपून उतरेपर्यंत त्यांनी नळीला कान लावून बसायचं. उतरलं की तीन ठोके. मग मी वरून ओतायचं. मध्ये काही बिघडलं तर एक.

"नरसाळं लाव," ते म्हणाले. "वारा पाठीवर घे. ओतलं की मागं हो. वाकून बघायचं नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे गं तुला. मी मला सांगतोय."

मी वर आले. तोंडाला ओला टॉवेल बांधला. सुतळी सोडली, पिशवी काढली. तो वास दोन वर्षांनी आला. मी कॅन मांडीला टेकवून बसले.

पाच नंबरचं दार बोटभर उघडलं.

"पोरी," यमुनामावशी फटीतून म्हणाल्या. "नगं वतू."

"मावशी, दार लावून घ्या. धूर येईल."

"माझं मांजर हाय तिकडं."

"कुठं? सहा नंबरात? मांजर आत कसं जाईल?"

त्यांनी दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"असेल तर काढा बाहेर," मी म्हणाले. "मी थांबते."

"त्ये येत न्हाई बाहेर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं नीट पाहायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष नळीकडं होतं. फटीतून त्यांचा एकच डोळा दिसत होता. मग खालून तांबोळकर त्यांच्या खिडकीतून ओरडले, "यमुनाबाई, दार लावा," आणि ती फट मिटली.

ऊन इतकं होतं की बोळाच्या टोकाची भिंत हलत होती. कुठं भांड्याचा आवाज नाही, कावळा नाही. मी नळीवर तळवा ठेवून बसले. ठोका कानापेक्षा हाताला आधी कळतो.

किती वेळ गेला माहीत नाही.

ठोका आला.

एक.

मी दुसऱ्याची वाट पाहिली. तिसऱ्याची पाहिली. नरसाळ्यावर कॅन कललेलाच होता आणि त्याच्या तोंडाशी एक थेंब धरून होता. दुसरा ठोका आला नाही.

मी कॅन सरळ केला. खाली ठेवला. झाकण लावलं. टॉवेल ओढून काढला आणि सहा घरांची ती लांबी चालत खाली गेले. पायांना चटके बसत होते. चपला वरच राहिल्या होत्या.

"थांब का म्हणालात?" मी विचारलं.

मालकांनी नळीवरचा कान उचलला. "कोण?"

"तुम्ही. एक ठोका दिलात."

"शालन," ते म्हणाले, "पाना तुझ्याकडं आहे."

पाना माझ्या कमरेला होता. निळीच्या वेळचा, मी उचलून खोचलेला. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ठोके कशानं देणार होते ते, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"मी पण ऐकला एक," ते म्हणाले. "मला वाटलं, तू दिलास."

एक

आम्ही वर गेलो. मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो हात गार होता, त्या उन्हात.

ते चेंबरापाशी पालथे झोपले आणि उजव्या नळीच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तसेच पडून राहिले. मग म्हणाले, "श्वास आहे."

"वारा असेल."

"वारा मध्येच खोकत नाही."

मला पळून जावंसं वाटत होतं, हे लिहायला मला लाज नाही. मंदाताईंच्या दारातलं मीठ मला दिसत होतं. मालकांनी हात पुढं केला. मी पाना त्यांच्या हातात दिला नाही. मीच वाकले आणि उजव्या नळीवर ठोके दिले. दोन.

टण, टण.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग पाणी आलं. हळूहळू, कोणी जपून ओतावं तसं. तांब्याभर. कोमट.

मी पाच नंबरच्या दाराकडं गेले. ढकललं तर ते उघडंच होतं. आतल्या कडीला मावशींनी हात लावलेलाच नव्हता. त्या दाराच्या मागंच जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला लावून. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

"वतलंस?" त्यांनी बोळा काढून विचारलं.

"नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि भिंतीशी असलेलं फडताळ दोन्ही हातांनी सरकवू लागल्या. मी हात लावला. फडताळामागं दार होतं. भावाबहिणीनं शेजारी शेजारी घरं बांधली तेव्हा मध्ये ठेवलेलं. समोरचं कुलूप चार वर्षं कोणी उघडलंच नव्हतं, ते खरं होतं.

पलीकडं अंधार होता आणि कडुनिंबाचा वास. न्हाणीच्या गार फरशीवर एक माणूस निजला होता. माणूस म्हणायचं. अंगावर मांस नव्हतं. डोक्यावरचे केस मधून मधून गेलेले. हातापायांवर ठिकठिकाणी लुगड्याच्या काठाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला एकेक गाठ. डोकं मोरीच्या जाळीपाशी, आणि मुठीत पितळी लोटी.

"संपत," मावशी म्हणाल्या. "माझा ल्योक."

सुरतेला साड्यांच्या दुकानात आहे असं सगळ्यांना माहीत होतं, तोच हा संपत. खरं तर तो ट्रक चालवायचा. त्याला जे झालं होतं त्याचं नाव तेव्हा कोणी मोठ्यानं घेत नसे. मागच्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत असा एक जण होता. त्याच्या घरच्यांना लोकांनी पाणी भरू दिलं नाही, आणि शेवटी एका रात्रीत ते गाव सोडून गेले. मावशींनी ते पाहिलं होतं.

"शालनवहिनी ना?" तो म्हणाला. आवाज मात्र धड होता, तरण्या माणसाचा. "आवाजावरून ओळखलं."

"ठोके कोणी शिकवले तुला?"

"कोणी नाही. इथं फरशी गार लागते म्हणून दिवसभर इथंच पडतो. सगळं ऐकू येतं नळीतून. दोन वाजले की पाणी सुटायचं. एक वाजला की बंद." तो दम घ्यायला थांबला. "आज सेक्रेटरींचं ऐकलं. कोण मरतंय तिथं, म्हणाले. आईला हाक मारावी तर ती पलीकडं, मागच्या दाराशी. आणि मला काही मोठ्यानं ओरडता येत नाही."

"तीन वाजायच्या आत दिलास बाबा."

"तीनचं मला माहीत नव्हतं. थांबायचं तेवढं माहीत होतं."

मागून मालक भिंत चाचपत आले. त्यांनी खाली बसून हात पुढं केला. "हात दे."

संपतनं दोन्ही हात छातीशी ओढून घेतले. "नको मामा. तुम्ही बघितलं नाही मला..."

"मला काय दिसतंय," मालक म्हणाले. "दे इकडं."

मावशी तेव्हा रडल्या. तोपर्यंत नाही.

बाहेरून तांबोळकरांची हाक आली. "काय वहिनी, ओतलं का?"

मी बोळात आले. ते नाकाला रुमाल लावून अर्ध्या वाटेत उभे होते. मी कॅनवर पिशवी चढवत होते.

"ओतायची गरज नाही, साहेब. सापडलं."

"काय सापडलं?"

"सहा नंबरच्या गच्चीवर टाकी आहे ना? तिचा व्हॉल्व्ह गळतोय. उन्हानं टाकीतलं पाणी तापतं आणि थेंब थेंब न्हाणीत उतरतं. निंबाचं झाड गच्चीवर वाकलेलं आहे, त्याचा पाला त्याच वाटेनं येतो."

त्यांनी वर पाहिलं. झाड होतं. टाकीही होती. मी आयुष्यात इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते आणि ते इतकं फिट्ट बसलंही नव्हतं.

"आणि केस? चिंध्या?"

"घुशी," मालक दारातून म्हणाले. "कुठून कुठून गोळा करतात. ओढून नेतात नळीत, घर करायला. चिंध्यांना गाठीसुद्धा मारतात, कलाकार असतात."

"काहीतरीच," तांबोळकर म्हणाले, पण हसले. "मग आता?"

"खालच्या वळणात शेवटची स्प्रिंग फिरवते. व्हॉल्व्ह बंद करते. आणि सहा नंबरच्या मोरीत बारीक जाळी बसवते, यमुनामावशींकडं किल्ली आहे. पुन्हा तुंबलं तर तुमचा सोलापूरवाला बोलवा."

"किल्ली मोडेल, बघा."

"तेल घालते."

जाळी मी त्याच दिवशी बसवली. मावशींना सांगितलं, निंबाचं पाणी फडक्यातून गाळून घ्या, पट्ट्या मोरीत धुऊ नका, केस कागदात गोळा करा. एवढंच करायचं होतं. नळीला काही झालेलंच नव्हतं. रविवारी तांबोळकरांच्या सुनेचं डोहाळजेवण झालं. मंदाताईंनी मला आवर्जून बोलावलं आणि पहिला पेढा दिला, आणि विचारलं, "गच्चीवर गेला होतात तेव्हा काही वेगळं वाटलं का हो?"

त्या दिवशी घरी जाताना मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. बाजाराच्या कोपऱ्यावर ते म्हणाले, "एक ठोका ऐकलास, आणि चालत आलीस. कोणाचा म्हणून विचारायला."

"हो."

"बरं केलंस."

मी थांबले. त्यांनी हलकेच खांदा दाबला. "चल. उसाचा रस काढतोय कोणीतरी. वास येतोय."

नंतर मी दर गुरुवारी त्या बोळात जायचे. लाइन बघून येते, असं तांबोळकरांना सांगायचे. चेंबर उघडायचं, उजव्या नळीवर दोन ठोके द्यायचे. पाणी यायचं. कधी लगेच, कधी खूप वेळानं. श्रावणात एका गुरुवारी ठोके दोन वेळा द्यावे लागले. भाद्रपदात एका गुरुवारी मी दोन दिले, मग पुन्हा दोन दिले, आणि वाट पाहत बसले. उजवी नळी कोरडी होती. थोड्या वेळानं डावीतून पाणी आलं. गार.

पंचाण्णव साली त्या खाणावळीच्या मोरीवर मी त्यांच्या मदतीला होते आणि कॅन माझ्या हातात होता. खाली चेंबरात मालकांनी नुकताच कॉस्टिक सोडा टाकला होता आणि नळीवर एकच ठोका दिला होता. मी तीन मोजले. दोन शेजारच्या अंगणात गोधडी धोपटणाऱ्या बाईचे होते.